एक हाक म्हणजे किती लांब?

रेडिओ दुरुस्त करणाऱ्याचं काम खरखर घालवायचं. लोक खरखरणारा रेडिओ घेऊन येतात आणि गाणारा घेऊन जातात, इतका साधा हा धंदा. पण मला आयुष्यात सगळ्यांत जास्त आनंद ज्या कामाने दिला, त्यात मी एका धडधाकट रेडिओत मुद्दाम खरखर आणली होती. दिवाळी अंकासाठी लिहा म्हटल्यावर तेच आधी आठवलं.

शहाद्यात आमचं दुकान होतं. तेव्हा नंदुरबार हा वेगळा जिल्हा नव्हता, आम्ही सगळे धुळ्याचे. दुकानाच्या अर्ध्या भागात अब्बा घड्याळं दुरुस्त करायचे, उरलेल्या अर्ध्यात मी रेडिओ. अब्बांना कामाला शांतता लागे आणि माझं काम तर आवाजाचंच. दिवसातून एकदा तरी त्यांचं बोट डोळ्यावरच्या भिंगाकडे आणि मग माझ्याकडे वळायचं. "शब्बीर, तेरा डिब्बा बंद कर. मेरे को टिकटिक सुनाई नहीं देती." मी बंद करायचो, आणि ते मशिदीत गेले की पुन्हा लावायचो.

अंतर मोजण्याची खोड मला लावली नगीनभाईंनी. नगीनभाई म्हणजे तापीकाठच्या एका गावातले गुजर शेतकरी. केळी, कापूस, ऊस, सगळं भरपूर, आणि गावातला पहिला रेडिओही त्यांचाच. एका पावसाळ्यात ते रेडिओ मांडीवर घेऊन बैलगाडीतून आले. चेहरा असा, की घरात कोणाला बाधा झाली असावी.

"शब्बीर, हाऊ रेडिओ मी ठेवाव नही. याले आधीच समजस."

"काय समजस, नगीनभाई?"

"गडगडाट! आधी हाऊ खरखर करस, मंग ढग वाजस. दरखेपले! म्हातारी म्हनस, यान्हामां काहीतरी शे."

मी हसलो नाही. गिऱ्हाइकाला हसणारा मिस्त्री दोन महिन्यांत दुकान बंद करतो. मी त्यांना समजावलं ते असं. वीज चमकली की तिची एक लाट रेडिओत खर्रकन शिरते. तिला वेळ म्हणून लागत नाही. पण ढगाचा आवाज हवेतून चालत येतो. तो सेकंदाला अकराशे फूट चालतो, असं माझ्या रेडिओच्या विलायती पुस्तकात लिहिलेलं होतं. म्हणजे खरखर झाल्यापासून गडगडाट येईपर्यंत जितका वेळ जातो, तितका ढग लांब. पाच सेकंदांना एक मैल धरा.

नगीनभाईंनी हे ऐकलं, रेडिओ तसाच उचलला आणि घरी नेला. पुढच्या आठवड्यात गावभर बोभाटा झाला, की नगीनभाईंच्या रेडिओला पाऊस दिसतो. ते खळ्यावर खाट टाकून बसायचे, रेडिओ उशाशी, आणि खरखर झाली की मोजायचे. आकडा कमी कमी होत गेला की ओरडायचे, "झाका रे! प्रकाशापावत उना!" म्हणजे पाऊस प्रकाशा गावापर्यंत आला. लोक ताडपत्र्या घेऊन धावायचे. एकदा ढग भलतीकडेच वळला तेव्हा त्यांनी माझ्याकडे तक्रार आणली, की रेडिओ लांबी सांगतो, दिशा का सांगत नाही.

आता डोंगरातली गोष्ट.

सरकारने त्या काळात गावोगावच्या पंचायतींना रेडिओ दिले होते. वीज नसलेल्या गावांत ते मोठ्या कोरड्या बॅटरीवर चालत. ते बिघडले की दुरुस्तीला मी. जीप धडगावपर्यंत न्यायची, पुढे पाय. मोलगीच्या बाजारात तर मला लोक "डबावाला" म्हणून ओळखत. सातपुड्यातल्या माणसांशी माझं जमायचं, कारण त्यांना घाई नसे आणि मलाही तिथे गेल्यावर राहत नसे.

तिथेच जात्र्यादादाची ओळख झाली. जात्र्या पावरा आदिवासी, उंच, हडकुळा, आणि आजूबाजूच्या सगळ्या पाड्यांत त्याच्यासारखा ढोल वाजवणारा नाही. त्यांचा ढोल म्हणजे आपल्याकडचं लग्नातलं वाजंत्र्यांचं खेळणं नव्हे, गळ्यात अडकवला की माणूस मागे झाकून जातो. घरी तो पावरी बोले, माझ्याशी बाजारात शिकलेली अहिराणी.

त्याच्या पाड्यात शाळा नव्हती. समोरच्या डोंगराच्या धारेवर होती, दिसायची देखील. पण मध्ये खोल दरी आणि दरीत नदी. पोरांनी उतरायचं, पाण्यातून जायचं, पुन्हा चढायचं. पहिला पाऊस झाला की नदी अडवायची आणि दिवाळीपर्यंत शाळा बंद. दिवाळीत पुन्हा गेलेलं पोर सगळं विसरलेलं असे, मास्तर पुन्हा पहिल्या पानापासून सुरू करत, आणि तिसऱ्या वर्षी पोर गुरांमागे जाई. जात्र्याची मुलगी सुमली आता त्या वयाला आली होती. तिने पहिल्या पानाच्या पुढे जावं एवढंच त्याला हवं होतं.

मी धडगावच्या एका कचेरीत रेडिओ उघडून बसलो होतो तेव्हा जात्र्या तिथे शाळा मागायला आला. शिक्षण खात्याचे एक साहेब खालून आले होते. हे साहेब पूर्वी स्वतः शाळेत विज्ञान शिकवायचे, माणूस सरळ आणि ऐकून घेणारा. त्यांनी विचारलं, "आत्ता जी शाळा आहे ती तुमच्यापासून किती लांब?"

जात्र्या छाती पुढे काढून म्हणाला, "एक हाक, साहेब. पुरी एक हाक!"

साहेबांनी मान हलवली. "अहो, मग हाकेच्या अंतरावर शाळा असताना दुसरी कशी देऊ? मैलाच्या आत शाळा असली तर मला देताच येत नाही."

जात्र्या बाहेर आला तो चक्रावून. मला म्हणाला, "शब्बीरभाऊ, मी तं दूर सांगं. ते जवळ म्हनी ऱ्हायनात."

मला हसू आलं. आपण हाकेच्या अंतरावर म्हणतो तेव्हा म्हणायचं असतं, इथेच, शेजारी. पण डोंगरात शेजारी कोणी हाक मारतच नाही. हाक मारायची ती या धारेवरून त्या धारेवर, तोंडाला दोन्ही हात लावून, लांबवून. माणसाचा आवाज जिथे संपतो तिथे त्यांची एक हाक संपते. त्यांच्याकडे याहून लांबचं सांगायला मग दिवसच मोजावे लागतात. जात्र्याने असेल नसेल तेवढं लांब सांगितलं होतं, आणि साहेबांच्या कानात त्याचं अंगण झालं होतं.

मी रेडिओ तसाच उघडा टाकून साहेबांकडे गेलो आणि हे सगळं सांगितलं. ते मोठ्याने हसले. मग गंभीर झाले. "मिस्त्री, मला पटतंय. पण मी वर काय सांगू? हाक मोठी होती म्हणून? मला सरळ रेषेतलं अंतर लागतं. दरीवर साखळी टाकता येत नाही. मोजणीवाले दुर्बीण घेऊन यायचे म्हणजे वर्ष जाईल, आणि नव्या शाळा जूनच्या आत ठरायच्या आहेत."

माझ्या तोंडून निघून गेलं, "साहेब, मी मोजून देतो."

बोलून बसलो आणि मग घाम फुटला. नगीनभाईंचा ढग दोनशे फूट इकडेतिकडे झाला तर ताडपत्री थोडी लवकर पडते, एवढंच. इथे शाळा जाणार होती.

घरी येऊन अब्बांना सांगितलं. त्यांनी भिंग काढलं. वेळेचा विषय निघाला की ते रेडिओचे गुन्हे माफ करत. शर्यतीचं एक जुनं स्टॉपवॉच त्यांनी पेटीतून काढलं, तेलपाणी केलं, आणि मला दाबून दाखवायला सांगितलं. "आँख से देखके मत दबा. आँख और कान का उशीर अलग रहता है. दोनों बार कान से सुन, तो गलती गलती को खा जाएगी." सबंध मोजणीत याहून शहाणं वाक्य कोणी बोललं नाही, आणि ते मराठी, उर्दू असं कालवूनच त्यांना बोलता येई.

मला आता वीज आणि ढग दोन्ही हवे होते. घाटात मोडून पडलेल्या एका जीपची इग्निशन कॉइल फिटरकडून मागून घेतली. इंजिनात पेट्रोल पेटवायला जी ठिणगी लागते ती पाडणारी ही डबी. ठिणगी म्हणजे छोटी वीजच. तिला झाडावर टांगलेली लांब तार जोडली की तिची खरखर लांबवरच्या ट्रान्झिस्टरवर ऐकू येते. आणि ढग म्हणून जात्र्याचा ढोल. ढोलाच्या चामड्यावर पत्र्याची पट्टी चिकटवली, काठीच्या टोकाला तार गुंडाळली. काठी पट्टीवर आपटून उठली की ठिणगी पडणार. ठोका आणि ठिणगी एकाच क्षणी. पलीकडच्या डोंगरावर मी ट्रान्झिस्टर दोन स्टेशनांच्या मधल्या मोकळ्या जागेत लावून बसणार. आधी कट्ट असा आवाज, मग काही वेळाने ढोल. मधला वेळ मोजायचा. सगळ्या सामानात माझ्या पदरचं काय ते तांब्याच्या तारेचं भेंडोळं.

कॉइलला लागणारी जड बॅटरी बांबूला टांगून दोघांनी जात्र्याच्या धारेवर चढवली. साहेब आणि मी समोरच्या शाळेपाशी बसलो. कट्ट झालं. मी अंगठा दाबला. आणि लगेच कट्ट, कट्ट, कट्टकट्टकट्ट. मागून ढोल घुमत आला, धडाम धडाम, कुठल्या कट्टचा कुठला ठोका काही कळेना.

जात्र्याला मी बजावलं होतं, एकच ठोका मारायचा. पण त्याचा हात एकावर थांबेचना. एक माणूस पळवून निरोप धाडला. तो तिकडे पोचेस्तोवर दोन पाड्यांतली माणसं डोंगर चढून जात्र्याभोवती जमली होती, बायका लुगडी नीट करून, हातात हात गुंफून. भर उन्हात, होळी होऊन गेल्यावर, ढोल वाजतोय म्हणजे काहीतरी मोठं असणारच! एकच ठोका मारून गप्प बसणारा ढोल त्यांनी जन्मात ऐकला नव्हता. नाचायचं नाही हे त्यांना समजावता समजावता सूर्य कलला.

शेवटी जात्र्याने युक्ती काढली. एक ठोका मारला की काठी तो शेजारच्या म्हाताऱ्याच्या हातात देई. म्हातारा पाच श्वास घेई आणि काठी परत करी. तेव्हा कुठे मोजता आलं. पुन्हा पुन्हा मोजलं. साहेबांनीही मोजलं. उत्तर एकच, पावणेपाच सेकंद.

मी हिशेब केला. पावणेपाच गुणिले अकराशे. पाच हजार दोनशे पंचवीस फूट. मैलाचे पाच हजार दोनशे ऐंशी.

पंचावन्न फूट कमी.

तुम्हाला काय सांगू, मला रडू यायचं बाकी होतं. समोरच्या धारेवर माणसं उभी होती, ठिपक्यांएवढी, आमच्याकडे बघत. मी न मोजता गप्प बसलो असतो तर निदान शंकेचा फायदा तरी मिळाला असता. आता मीच शाळा मैलाच्या आत आणून ठेवली होती. वडाची साल पिंपळाला लावायला गेलो आणि झाडच उपटून बसलो.

साहेबांनी कपाळावरचा घाम पुसला. रुमाल पिळला. पिळलेल्या रुमालाकडे बघत राहिले आणि मग एकदम विचारलं, "मिस्त्री, तुझं ते पुस्तक कुठल्या गावचं?"

"विलायतेचं, साहेब."

"तिथली हवा गारठलेली. गार हवेत आवाज हळू चालतो, तापलेल्या हवेत जोरात. मी हे पोरांना बारा वेळा शिकवलंय आणि इथे बसून विसरलो!" मग ते स्वतःच्याच मांडीवर थाप मारून म्हणाले, "पण पुस्तकातलं काही नकोच. म्हसावदच्या रस्त्यावर मैलाचे दगड आहेत ना? काखेत कळसा आणि गावाला वळसा! दगड ते दगड हाच ढोल वाजवू. तिथे मैलाला पावणेपाचाहून कमी वेळ लागला, तर ही दरी मैलाहून मोठी. जास्त लागला, तर माझा इलाज नाही."

दुसऱ्या दिवशी आम्ही जात्र्याला, त्याच्या ढोलाला आणि काठी धरणाऱ्या म्हाताऱ्याला जीपमध्ये घालून घाट उतरलो. म्हसावदच्या अलीकडे रस्त्याचा एक तुकडा असा सरळ आहे, की एका दगडापासून दुसरा दगड रस्ता न वळता गाठता येतो. बाजूला कापसाच्या वाळलेल्या पऱ्हाट्या, झाडाचं पानही हलत नव्हतं, आणि ऊन खानदेशातलं. बाभळीवर तार टाकून जात्र्याला एका दगडापाशी बसवलं. आम्ही पुढच्या दगडाशी आलो. बघता बघता बैलगाड्या थांबल्या. मैलभर लांब एक पावरा ढोल घेऊन बसलाय आणि इकडे एक सरकारी साहेब डब्याला कान लावून बसलेत, हे सोडून कोण पुढे जाईल?

"काय चाली ऱ्हायनं हो?" एकाने विचारलं.

"मैल मोजी ऱ्हायनूत," मी म्हणालो.

"तो तं दगडवर लिखेल शे!" असं म्हणून त्याने बैलांना पाणी दाखवलं आणि मुक्कामच ठोकला.

(त्या आठवड्यात म्हसावदची तीन गिऱ्हाइकं माझ्याकडे रेडिओ घेऊन आली. दुपारच्या गाण्यांत मध्येच कट्ट वाजतं म्हणे. मी तिघांचेही रेडिओ उघडले, पुसले आणि काही न घेता परत दिले. इलाज आपोआप झाला होता.)

स्टॉपवॉच साहेबांनी माझ्या हातातून घेतलं. म्हणाले, "माझ्याच अंगठ्याने होऊ दे." डोळे मिटले. कट्ट. मी त्यांच्या ओठांकडे बघत होतो. ढोल काही येईना. मैल एवढा मोठा असतो हे मला त्या दिवशी कळलं. मग लांबून, जमिनीतून आल्यासारखा, धडाम.

साहेबांनी घड्याळ बघितलं. पुन्हा मोजलं. पुन्हा. मग त्यांनी घड्याळ माझ्यापुढे धरलं.

साडेचार.

हेच ऊन आम्ही जन्मभर शिव्या घालत सोसलं. त्याने दिलेली पहिली भेट मी त्या दिवशी बघितली. दरी मैलाहून मोठी होती, आणि काठावर नव्हे, चांगली शेतभर मोठी. वर डोंगरात ऊन थोडं कमी म्हणून हिशेबात सूट दिली, तरी मोठीच. मी गाडीवानाला मिठी मारली. त्याला काही कळलं नव्हतं, पण त्यानेही मारली.

"आता त्या बिचाऱ्याला थांबायला सांगा," साहेब म्हणाले. आणि तेव्हा लक्षात आलं, की तिकडून इकडे कळवायची सगळी सोय मी केली होती, इकडून तिकडे कळवायची काहीच नाही. जात्र्या तिकडे इमानाने एक ठोका, पाच श्वास, एक ठोका करत बसला होता.

जीप काढली. आम्ही पोचलो तेव्हा काठी म्हाताऱ्याच्या हातात होती. जात्र्या उठलाच नाही. ढोलावर हात ठेवून त्याने आमच्या तोंडांकडे बघितलं.

"तुमची हाक मैलाहून मोठी भरली," साहेब म्हणाले. "जूनमध्ये मास्तर पाठवतो." आणि त्यांनी खरोखरच पाठवला. पावसाच्या आधी कुडाच्या भिंती उभ्या राहिल्या.

जात्र्याने माझ्याकडे बघितलं. मी त्याला त्याच्या समजणाऱ्या बोलीत पुन्हा सांगितलं. त्याने ढोल बाजूला केला आणि उभा राहिला. म्हाताऱ्याने काठी त्याच्याकडे धरली, तीही त्याला दिसली नाही.

साहेबांनी जीपच्या बॉनेटवर कागद ठेवला. बॉनेट इतकं तापलेलं, की त्यांनी मध्ये टोपी घातली. "पोरं किती येतील ते लिहून ठेवू. नावं सांगा."

"सुमली," जात्र्या म्हणाला. "मन्ही आंडेर."

"पुढे?"

तो एकेक पाडा डोळ्यांपुढे आणून सांगत गेला. भावाची दोन, पलीकडच्या झोपडीतली तीन, म्हाताऱ्याचा नातू. म्हातारा मध्येच एखादं राहिलेलं नाव भरत होता. साहेब भराभरा लिहीत होते. मग जात्र्या थांबला. पायाच्या अंगठ्याने डांबर उकरायला लागला.

"अजून कोणी?"

"एक शे," तो म्हणाला. आवाज इतका खाली गेला, की मी पुढे वाकलो. "जात्र्या."

मी साहेबांकडे बघितलं. ते हसतील याची मला भीती वाटली. त्यांनी मान वर केली नाही, पेनही कागदावरून उचललं नाही. नाव लिहिलं आणि विचारलं,

"वय?"